‘सपत्नीक’ : संमेलनाच्या वृत्तांताबाहेर राहिलेले लेखन

साहित्य संमेलनांचे आणि परिषदांचे वृत्तांत वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना एक शब्द चांगला परिचित असेल. ‘श्री. अमुक हे सपत्नीक उपस्थित होते’, असे वाक्य आपण शेकडो वेळा वाचले आहे आणि त्यावर क्षणभरही थांबलेलो नाही. व्याकरणदृष्ट्या हा सहबहुव्रीही समास. त्यात जी पदे येतात त्यांपैकी एकही प्रधान नसते. सगळा अर्थ जाऊन पोहोचतो तो समासाबाहेरच्या तिसऱ्याकडे, म्हणजे श्री. अमुक यांच्याकडे. गाडीत बसून, रात्र जागून, परक्या गावात तीन दिवस राहून आलेले एक सबंध माणूस अशा रीतीने दुसऱ्याचे विशेषण होऊन जाते. गंमत अशी की, याला उलटा शब्द आपल्या व्यवहारात नाही. ‘सधवा’ आहे, परंतु तो पती हयात असल्याचे सांगतो, तो शेजारच्या खुर्चीवर बसला असल्याचे सांगत नाही. पत्नी निमंत्रित आणि पती सोबतीला, हा प्रसंग भाषेने गृहीत धरलेलाच नव्हता.

या विशेषणाच्या आत जी व्यक्ती होती तिने काय पाहिले, आणि पाहिलेले कुठे लिहून ठेवले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठीचे भाग्य असे की, तिच्याकडे या जातीचे लेखन आहे आणि ते उत्तम दर्जाचे आहे. पण समीक्षेने त्याला बहुतेक वेळा थोर पतीच्या चरित्राची पुरवणी म्हणूनच वाचले. हे वाचन अपुरे आहे असे माझे मत आहे.

आरंभ रमाबाई रानडे यांच्यापासून करावा लागतो, आणि त्याला एक औचित्यही आहे. १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात जी ग्रंथकार सभा भरली, जिला आपण आज पहिले मराठी साहित्य संमेलन मानतो, तिचे अध्यक्ष न्या. महादेव गोविंद रानडे. म्हणजे पहिल्या संमेलनाध्यक्षांच्या पत्नी त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या आणि पाच वर्षांपूर्वी, १८७३ साली, अक्षरओळख नसताना त्या घरात आल्या होत्या. पुढे त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. तो आदरार्थी बहुवचनाचा नाही, दोघांचा आहे. त्याचवेळी आतल्या मजकुरात पतीचे नाव येत नाही. नाव घ्यायचे नाही या रीतीला धरून बाई ‘स्वतः’ असा शब्द योजतात. ‘स्वतः आले’, ‘स्वतःना बरे वाटेना’, अशी वाक्यरचना वाचताना आजचा वाचक प्रथम अडखळतो. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा त्यांनी याच शब्दाला शीर्षस्थानी नेले आणि पुस्तकाला ‘हिमसेल्फ’ असे नाव दिले. भाषांतरकर्तीची चतुराई मान्य करूनही मला हे नाव पटत नाही. मूळ शीर्षकात दोघे होती, इंग्रजी शीर्षकात एकच उरले. ‘सपत्नीक’ या शब्दाने जे वृत्तांतात होते, तेच येथे मुखपृष्ठावर झाले.

रमाबाईंचा बराचसा संसार प्रवासातला आहे. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली रानड्यांकडे तपासणीचे काम आले, आणि पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत दौरे सुरू झाले. आमच्यासारख्यांनी तहसिलांचे दौरे केलेले आहेत. मुक्काम हलवणे म्हणजे काय ते आम्ही जाणतो. दप्तर वेगळे, भांडीकुंडी वेगळी, पाण्याची सोय वेगळी, आणि जेथे उतरायचे तेथे उतरण्याआधीच अर्जदार झाडाखाली येऊन बसलेले. दौऱ्याच्या सरकारी दैनंदिनीत यातले काहीही नसते. तिथे फक्त अंतर, तारीख आणि निकालात काढलेल्या प्रकरणांची संख्या. रमाबाईंच्या आठवणींत दौऱ्याची दुसरी बाजू उतरली आहे. मुक्कामावर दिवस कसा उजाडे, कामाच्या आधी आणि नंतर वाचन कसे चाले, धडा कधी घेतला जाई, या तपशिलांमुळे रानड्यांच्या कामाचा रगाडा जितका कळतो तितका त्यांच्या भाषणसंग्रहांवरून कळत नाही.

सर्वांत सुरेख भाग कलकत्त्याचा. १८८६ मध्ये रानडे सरकारच्या वित्त समितीचे सभासद नेमले गेले आणि काही काळ उभयतांचा मुक्काम कलकत्त्यास पडला. समितीचे काम म्हणजे आकड्यांचे डोंगर. बैठकी, टिपणे, पुन्हा बैठकी. अशा व्यग्र माणसाबरोबर परक्या शहरात गेलेल्या बाईने दिवसभर काय करायचे? रमाबाईंच्या बाबतीत उत्तर ठरले ते बंगाली शिकण्याचे. शिकवायला पतीच, पण त्यांनाही बंगाली येत नव्हते. तेव्हा ते आधी स्वतः शिकू लागले, आणि हजामत करायला आलेल्या न्हाव्यालाच अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारू लागले. रमाबाईंना हसू आले आणि दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला देऊन त्यांनी पतीची थट्टा केली. हा प्रसंग अनेकांनी रानड्यांच्या ज्ञानलालसेचे उदाहरण म्हणून सांगितला आहे, आणि तो तसा आहेही. मला मात्र त्यात थट्टा करणारी व्यक्ती अधिक दिसते. जिला पतीचे नाव उच्चारणे वर्ज्य आहे, ती त्याच्या गुरूची फिरकी घेते आणि ती फिरकी चोवीस वर्षांनी छापते. ‘पतिभक्तीचे पुस्तक’ असा शिक्का मारून हे पुस्तक बाजूला ठेवणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे.

तो शिक्का अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पुस्तकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अखेरच्या आजाराच्या वर्णनात, बाईंची लेखणी पूज्यभावाने जड होते आणि पूर्वार्धातली चपळाई हरवते. १९०० च्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद होती. ही परिषद रानड्यांनीच १८८७ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून चालवलेली. सरकारी नोकर म्हणून काँग्रेसमध्ये उघड भाग घेणे शक्य नव्हते, म्हणून वर्षाकाठचे त्यांचे खरे व्यासपीठ हेच. आपल्या भागाने ते पाहिलेले आहे. १८९१ ला नागपूर आणि १८९७ ला अमरावती येथे अधिवेशने भरली. ‘पुनरुज्जीवन की सुधारणा’ या प्रश्नावरचे रानड्यांचे गाजलेले भाषण अमरावतीचेच. लाहोरला जायचे ठरलेले असताना प्रकृतीने जाऊ दिले नाही, आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. या दिवसांविषयी लिहिताना रमाबाई केवळ पत्नी उरतात. ते स्वाभाविक आहे. वाङ्मय म्हणून मात्र ही पाने कलकत्त्याच्या पानांपेक्षा डावी आहेत, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

पण पुस्तक संपते तेथे बाईंची कथा संपत नाही. १९०४ साली मुंबईत सामाजिक परिषदेच्याच वेळी स्त्रियांची स्वतंत्र भारत महिला परिषद भरली आणि रमाबाई तिच्या प्रमुख झाल्या. ज्या मांडवात त्या सोबत म्हणून येऊ शकल्या असत्या, त्या मांडवाशेजारी त्यांनी आपला मांडव उभारला. काँग्रेसच्या बाबतीतही हे पायरीपायरीने घडलेले आहे. १८८९ च्या मुंबई अधिवेशनात प्रथमच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या. त्यांत पंडिता रमाबाई होत्या, काशीबाई कानिटकर होत्या. पुढल्या वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुली व्यासपीठावरून बोलल्या. आरंभी खुर्ची मिळाली, बोलण्याची पाळी नंतर आली. रमाबाई स्वतः पुण्यात गव्हर्नरांपुढे मुलींच्या शिक्षणासाठी इंग्रजी निवेदन वाचून घरी परतल्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना कसे फैलावर घेतले, ते आठवणींत आहे. सभेपेक्षा सभेहून परतल्यानंतरचे ओसरी ते माजघर हे अंतर त्यांना अधिक लांब वाटले असावे.

आता लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) हे पुस्तक ठाऊक नाही असे मराठी घर बालाघाटात असू नये. या पुस्तकाशी आपले एक भौगोलिक नातेही आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी भेट नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत झाली. सहप्रवासी मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले, आणि १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी बसलेला आहे. खिडकीतून दिसणारे सालईचे रान तेच. परंतु त्या डब्यात लक्ष्मीबाई नव्हत्या. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’चे वैशिष्ट्य हेच की, ते सोबत नेल्या गेलेल्या पत्नीचे पुस्तक नसून वारंवार मागे ठेवल्या गेलेल्या पत्नीचे आहे. टिळक निघून जातात, कुठे गेले ते मागाहून कळते. मग निरोप येतो, मग बिऱ्हाड उचलायचे. आणि टिळक घरी असले म्हणजे परिषदच घरी येते. कवी येतात, विद्यार्थी येतात, रस्त्यावर भेटलेला कोणीही येतो. जळगावला १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा कोवळा मुलगा उठून कविता म्हणतो आणि ‘बालकवी’ ठरतो. वृत्तांत येथे संपतो. त्यापुढे हा मुलगा टिळकांच्या घरी राहायला येतो, आणि त्याचे जेवणखाण, रुसवे, हट्ट हे सारे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येते. संमेलनाने पदवी दिली; मुलाला सांभाळले ते त्या घराने. मराठी कवितेच्या इतिहासात या दोन गोष्टींना कधी एका वाक्यात जागा मिळालेली नाही.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा मी फार लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की, त्यांचा विनोद तक्रारीला पर्याय म्हणून येत नाही. तक्रार पूर्ण शब्दांत मांडून झाल्यावर तो येतो. म्हणूनच तो रमाबाईंच्या मंद स्मितापेक्षा वेगळा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट टाकून १९१९ मध्ये देह ठेवला तेव्हा दहा अध्याय झाले होते. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही.

येथे जरा विषयांतर करतो. राज्य शासनाच्या सेवेत असताना अधिकाऱ्यांची अधिवेशने पाहण्याचा योग अनेकदा आला. भोपाळला थंडीत भरणाऱ्या अशा अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका मला अजून डोळ्यांपुढे दिसते. डाव्या बाजूला सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत सत्रे : वेतन आयोग, पदोन्नती, महसूल संहितेतील सुधारणा. उजव्या बाजूला लहान टंकात ‘महिलाओं के लिए’ : सांची दर्शन, दुपारी चंदेरी व माहेश्वरी साड्यांचे प्रदर्शन, सायंकाळी भजन. बस दहाला सुटे आणि चारला परते. डाव्या बाजूच्या सत्रांचे ठराव दरसाल शासनाला सादर होत आणि दरसाल त्यांचे तेच होई. उजव्या बाजूच्या मंडळींनी मात्र सांचीची तोरणे पाहिलेली असत, बालाघाटच्या बाईची मंदसौरच्या बाईशी ओळख झालेली असे, मुलामुलींच्या दोन-चार सोयरिकी तर मी स्वतः पुढे जमलेल्या पाहिल्या. अधिवेशनाचे टिकाऊ फलित कोणत्या बाजूला निपजले, हे ठरवणे मी वाचकांवर सोपवतो.

विषयांतर अगदीच अप्रस्तुत नव्हते, कारण यापुढे ज्या दोन पुस्तकांविषयी बोलायचे आहे ती एकाच प्रवासी दांपत्याची आहेत. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले, सोबत सुनीताबाई होत्या. त्यातून १९६० साली ‘अपूर्वाई’ आली. मराठी मध्यमवर्गाने हे पुस्तक डोक्यावर घेतले ते योग्यच झाले. पण प्रस्तुत दृष्टीने पाहिले तर त्यातील पत्नी ही एक विनोदी सोय आहे. निवेदक गोंधळतो, ती सावरते. तो खर्च करतो, ती हिशोब विचारते. हे पात्र वाचकाला आवडते कारण ते त्याच्या घरातही असते, किंवा आहे असे त्याला वाटते. सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली प्रसिद्ध झाले तेव्हा तीस वर्षे विनोदात वावरलेल्या या पात्राने आपली बाजू लिहिली, असे पुष्कळांना वाटले आणि खळबळ उडाली. आमच्याकडे ग्रंथालयात या पुस्तकासाठी नावे लावावी लागत. दोन तट पडले होते : पुलंविषयी असे लिहायला नको होते म्हणणारे, आणि किती प्रांजळ म्हणून वाखाणणारे.

माझ्या मते दोन्ही तटांनी पुस्तकाला पुलंच्या संदर्भातच वाचले आणि म्हणून चुकीच्या जागी वाचले. प्रांजळपणा हा गुण आहे, पण तो या पुस्तकाचा सर्वोच्च गुण नाही. ‘बटाट्याची चाळ’सारख्या प्रयोगांच्या मागे, दौऱ्यांच्या मागे, देणग्यांच्या मागे जी व्यवस्था होती, ती उभी करणाऱ्या बाईची कामाविषयीची निष्ठा हा त्याचा कणा. दुसऱ्याच्या कीर्तीची व्यवस्था पाहणे हे एक काम आहे, त्याला बुद्धी लागते, आणि त्या बुद्धीची किंमत त्या कामात मिळत नाही, ही जाणीव त्यांच्याइतक्या कोरडेपणाने मराठीत कोणी मांडलेली नाही. १९७४ ला इचलकरंजीला पुलं संमेलनाध्यक्ष झाले. अध्यक्षीय भाषण आपण संग्रहात वाचतो. अध्यक्षपदाभोवती पत्रे, पाहुणे, तिकिटे, औषधे, नकार यांचा जो पसारा उभा राहतो, त्याची कल्पना करायची तर ‘आहे मनोहर तरी’कडेच जावे लागते. पुस्तकाचा दोषही सांगायला हवा : लेखिका स्वतःला फार वेळा न्यायालयात उभी करते. आरोपी, वकील आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकटीने करण्याचा त्यांना हव्यास आहे, आणि काही पाने त्यामुळे दमवतात. लक्ष्मीबाई अशा ठिकाणी एक वाक्य लिहून पुढे गेल्या असत्या.

या परंपरेत कुसुमावती देशपांडे यांना कोठे ठेवावे, हा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे. आपल्यासाठी तो घरचाही आहे. अमरावतीच्या जयवंतांकडील या विदुषीने इंग्रजी वाङ्मयाचे उच्च शिक्षण लंडनला घेतले आणि नागपूरला अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. ‘पासंग’ हा त्यांचा समीक्षालेखांचा संग्रह आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे, त्यांना माझ्या या विधानाची अतिशयोक्ती वाटणार नाही की, त्या पिढीतील कादंबरीसमीक्षेत त्यांच्या तोडीचे लेखन थोडे झाले. पती कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मध्यप्रांताच्या न्यायखात्यात होते. विवाहापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूपात आली. १९५८ ला मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष अनिल. १९६१ ला ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती. अध्यक्षस्थानी स्त्री बसण्याचा हा पहिला प्रसंग, ग्रंथकार सभेनंतर त्र्याऐंशी वर्षांनी. वृत्तांतलेखकाला या दांपत्याविषयी ‘सपत्नीक’ हा शब्द मालवणला वापरता आला असता. ग्वाल्हेरला काय वापरणार? उभयता, फार तर. आणि ‘उभयता’ हा शब्द किती चांगला आहे पाहा : त्यात कोणी कोणाचे विशेषण नाही. ‘कुसुमानिल’ हे नावही त्याच जातीचे, द्वंद्व समासाचे. दोन्ही पदे प्रधान.

मात्र या जोडीबाबत कोणी असेही म्हणेल की, दोघेही लेखक, दोघेही विद्वान; अशा अपवादावरून नियम कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. परंतु ‘पासंग’मधली समीक्षा वाचताना मला सतत जाणवते की, कुसुमावती कादंबरीतल्या घराकडे, स्वयंपाकाकडे, स्त्रीपात्राच्या न बोललेल्या वाक्याकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर विद्यापीठात मिळत नाही. रमाबाईंची, लक्ष्मीबाईंची नजर त्यांच्याकडे आलेली आहे. फक्त आता ती आठवणी सांगत नाही, निवाडा देते. व्यासपीठाखालून पाहिलेले व्यासपीठावरून सांगण्याची वेळ आली तेव्हा ग्वाल्हेरचे अध्यक्षपद आले. दुर्दैव असे की, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले.

ग्वाल्हेर आपल्या राज्यातले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, विदर्भ वेगळा झाला आणि बालाघाटची मराठी घरे वैनगंगेच्या या काठी राहिली. त्याआधी जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. पुढच्या पिढ्यांतील पुरुषांची कचेरीची भाषा हिंदी झाली, मुलांची शाळेचीही. मराठी उरली ती चुलीपाशी, देवघरात, श्रावणातल्या कहाण्यांत आणि वर्धा, भंडारा, नागपूरहून लग्न होऊन आलेल्या सुनांच्या बोलण्यात. संमेलनाला जाणारा पुरुष तीन दिवसांसाठी मराठी होऊन येत असे. त्याच्याबरोबर जाणारी बाई वर्षभर मराठीच होती. या राज्यात पुढे १९६७ ला भोपाळ, १९८१ ला रायपूर (ते तेव्हा मध्यप्रदेशातच होते) आणि २००१ ला इंदूर येथे संमेलने झाली. इंदूरला अध्यक्ष विजया राजाध्यक्ष. २००१ पर्यंत ज्या चार स्त्रिया अध्यक्ष झाल्या त्यांपैकी दोघींचा मान ग्वाल्हेर आणि इंदूर या बृहन्महाराष्ट्रातील गावांना मिळाला, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरला संमेलन झाले. वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. त्यांच्या पत्नी प्रभा गणोरकर या स्वतः कवयित्री आणि समीक्षक. ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशा’च्या चार संपादकांत दोघांचीही नावे स्वतंत्रपणे आहेत. गोंदियाहून चंद्रपूर हा एका गाडीचा प्रवास, तेव्हा आपल्याकडून बरीच मंडळी गेली होती. आम्ही उभयताही होतो. घरी त्या संमेलनाची दोन कागदपत्रे आहेत. एक माझी फाइल : प्रतिनिधीचा बिल्ला, कार्यक्रमपत्रिका, परिसंवादाची टिपणे. दुसरी पत्नीची खर्चाची वही. तिच्यात रिक्षाचे भाडे आहे, ग्रंथदालनात घेतलेल्या पुस्तकांच्या किमती आहेत, आणि त्यांच्यामधून एकेका ओळीत माणसे आहेत : गडचिरोलीहून आलेली एक शिक्षिका जिच्या शाळेत मुले घरी माडिया बोलतात आणि तिला मराठी शिकवावी लागते, राजुऱ्याची एक आजी जी कोणत्याही सत्राला न बसता फक्त कवींना पाहायला आली होती, निवासस्थानी सकाळी गरम पाण्यासाठी लागलेली रांग आणि तीत जुळलेल्या ओळखी. माझ्या टिपणांतील परिसंवादाचे विषय कोणत्याही वर्षीच्या कोणत्याही संमेलनाचे असू शकतात. वहीतले चंद्रपूर मात्र चंद्रपूरच आहे. हे मी घरच्या माणसाचे कौतुक म्हणून लिहीत नाही. लेखनाच्या दोन जातींमधला भेद म्हणून लिहितो. पहिली जात ठरावांकडे पाहते, दुसरी माणसांकडे, आणि रमाबाईंपासून जे चालत आले ते दुसऱ्या जातीचे.

आपल्या बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी येथील जुन्या घरांत अशा वह्या असणारच. ग्वाल्हेरच्या संमेलनाला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला; तिथे गेलेल्या बायकांपैकी कोणी हयात असल्यास त्या नव्वदीच्या आसपास असतील. भोपाळला गेलेल्या ऐंशीच्या पुढे. रायपूरला तर इथून पुष्कळ जण गेले होते, आणि नैनपूरकडून छोट्या गाडीने येऊन गोंदियाला मोठी गाडी पकडलेल्यांच्या हकिकती माझ्या लहानपणापासून कानांवर आहेत. ती छोटी गाडी आता राहिली नाही. खर्चाच्या वह्या, माहेरी लिहिलेली पोस्टकार्डे, पंचांगाच्या समासात केलेल्या नोंदी, जे असेल ते ट्रंकांतून बाहेर काढावे आणि मंडळाच्या ग्रंथपालांकडे पाहायला द्यावे. मूळ कागद घरचे घरी राहतील, नकल करून घेता येईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, लिहून घ्यायला मी येईन. बुधवार आणि शनिवारी दुपारी मी ग्रंथालयात असतो. वृत्तांतात ज्यांची नावे ‘सपत्नीक’ अशी पडली, त्यांची पूर्ण नावे माहेरच्या आडनावासह कळवावीत.